नदीची नोंदवही

(इयत्ता ५ वी ते ७ वी. सामान्य विज्ञान, अंकगणित व नागरिकशास्त्र यांच्या समवायाने घ्यावयाचा पाठ)

कृष्णाकाठच्या एका शाळेत सातवीच्या वर्गावरील पाठ पाहण्याचा योग काही वर्षांपूर्वी आला होता. विषय होता पाण्याचे प्रदूषण. शिक्षकांची तयारी चांगली होती. फळ्यावर नदीची आकृती होती, कारखान्याचे धुराडे होते, नदीत उलटे पडलेले मासेही खडूने रेखाटले होते. पाठ संपत आला तेव्हा मागच्या रांगेतील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, माझे वडील कारखान्यात कामाला आहेत. आमचा ऊसपण तिथंच जातो. मग नदी आम्हीच नासवतो का?" वर्ग हसला. शिक्षक क्षणभर थांबले व म्हणाले, "हे मोठ्यांचे विषय आहेत. खाली बस." इतक्यात घंटा झाली.

त्या दिवशी शेरेबुकात मी पाठ उत्तम झाल्याचा शेरा लिहिला. आज तो शेरा आठवला की संकोच वाटतो. मुलाने विचारलेला प्रश्न हाच खरे तर त्या दिवसाचा पाठ होता, आणि तो शिक्षकांनी व मी दोघांनीही टाळला. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नापासून आरंभ करून पाठ कसा घ्यावा, याचा विचार केला आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न इतर ठिकाणांहून अधिक अवघड आहे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. सातारा व सांगली हे मुळात एकाच जिल्ह्याचे भाग होत. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, वाईवरून वाहत माहुलीस वेण्णेला मिळते, कराडास कोयनेला पोटात घेते आणि पुढे सांगलीच्या खाली हरिपुरास वारणेला भेटते. या वाटेवर आणि तिच्या उपनद्यांच्या काठी गेल्या सत्तर वर्षांत साखर कारखाने उभे राहिले. त्यांपैकी पुष्कळ सहकारी तत्त्वावर निघाले. शेतकऱ्यांनी भाग घेतले, ऊस घातला, आणि त्या कारखान्यांच्या आधाराने शाळा, दवाखाने, रस्ते झाले. आपल्यापैकी कित्येकांचे शिक्षण त्याच पैशावर झालेले आहे. म्हणून येथे नदी बिघडविणारा कोणी परका, दूरदेशीचा धनिक असतो असे नाही. पुष्कळदा तो गावाचाच कारखाना असतो, त्याचे सभासद गावकरीच असतात, आणि नदीचे पाणी पिणारेही तेच असतात.

परक्याविरुद्ध एकत्र येणे त्या मानाने सोपे असते. त्याचे एक उदाहरण मुलांना सांगण्याजोगे आहे. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातील शिंदे-वासुली या गावी डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीचे संशोधन केंद्र उभारण्याचे ठरले होते. १९८४ साली डिसेंबरच्या २ व ३ तारखांमधील रात्री भोपाळ येथे ज्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटून हजारो माणसे मेली, ती कंपनी २००१ साली डाऊने विकत घेतली होती. त्यामुळे गावकऱ्यांच्या मनात भीती निर्माण झाली. देहू-आळंदीची नदी जवळ असल्याने वारकरी संप्रदायातील मंडळी या विरोधात उतरली, आणि त्यांच्या अग्रभागी आपल्याच सातारा जिल्ह्यातील कीर्तनकार बंडातात्या कराडकर होते. २००८ साली हे आंदोलन भरास आले, आणि २०१० पर्यंत तो प्रकल्प तेथून उठला. २००८ च्या जुलैत तेथील बांधकाम जाळण्यात आले होते. ही गोष्ट मुलांपुढे लपवू नये, पण गौरवून सांगूही नये.

आता मुलांना विचारावे : ती कंपनी परदेशी होती, तिच्याशी गावातील कोणाचे पोट बांधलेले नव्हते. उद्या आपल्याच गावच्या कारखान्याचे पाणी नदीत गेले, तर गाव असाच एक होईल काय? पाचवीची मुलेही याचे उत्तर प्रामाणिकपणे देतात, असा अनुभव आहे. 'नाही होणार' असे म्हणणारीच अधिक असतात. या उत्तराबद्दल त्यांना रागावू नये.

पोट बांधलेल्या गावाची गोष्ट हवी असेल, तर ती जपानातील मिनामाता या समुद्रकाठच्या नगराची आहे. तेथे चिस्सो या कंपनीचा रसायनांचा मोठा कारखाना होता व सारे नगर त्यावर जगत असे. प्रथम तेथील मांजरे वेड लागल्याप्रमाणे नाचू लागली, समुद्रात पडून मरू लागली. मग कोळ्यांच्या मुलांना चालता येईना, बोलता येईना. १९५६ च्या मे महिन्यात या अज्ञात रोगाची सरकारी दप्तरात पहिली नोंद झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांच्या अंगात साठत होता व मासे खाणाऱ्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचत होता. कंपनीच्याच दवाखान्यातील एका डॉक्टराने १९५९ साली मांजरास ते सांडपाणी अन्नातून देऊन पाहिले, आणि मांजर त्याच रोगाने आजारी पडले. तो प्रयोग तेव्हा बाहेर येऊ दिला गेला नाही. नगरातील पुष्कळ लोक रोग्यांपासूनच दूर राहिले, कारण रोग्यांनी तक्रार केली तर कारखाना बंद पडेल अशी त्यांना धास्ती होती. रोगाचे कारण कारखान्याचा पाराच आहे, हे जपान सरकारने मान्य केले ते १९६८ साली. पहिल्या नोंदीपासून किती वर्षे लोटली, हे गणित मुलांना तोंडी घालावे आणि उत्तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे.

एक सावधगिरी मात्र येथेच सांगणे अवश्य आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या पाण्यात मिनामातासारखा पारा असतो, असा समज मुलांचा होऊ देता कामा नये. ते खरे नाही. आपल्या नदीचे दुखणे निराळे आहे, आणि ते नीट समजावून देणे हा या पाठाचा मुख्य विज्ञानभाग होय.

गोड पदार्थ नदीस का मारतो

गावातील जाणती माणसे एक शंका नेहमी काढतात, आणि ती चुकीची नाही. ते म्हणतात, "मळी जनावरेसुद्धा खातात, शेतात खत म्हणून पडते. तिने मासे कसे मरतील?" ही शंका मुलांच्या तोंडूनही येईल. आली नाही, तर शिक्षकांनीच उपस्थित करावी.

उत्तर देण्यापूर्वी एक सोपा प्रयोग लावून ठेवावा. रुंद तोंडाच्या काचेच्या दोन बाटल्या घ्याव्यात. दोहोंत एकाच ठिकाणचे विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी भरावे. एकीत चमचाभर गूळ विरघळवावा, दुसरी तशीच ठेवावी. दोहोंच्या तोंडावर बशी झाकावी. बूच घट्ट मारू नये, कारण आत वायू साठून बाटली फुटण्याचा संभव असतो. बाटल्या वर्गाच्या कोपऱ्यात सावलीत ठेवून चार-पाच दिवस रोज एकाच वेळी पाहाव्यात. गुळाचे पाणी गढूळ होते, त्यावर फेस येतो, आंबूस व पुढे कुजकट वास सुटतो. दुसऱ्या बाटलीत फारसा फरक दिसत नाही. पाण्याची चव कोणी घेऊ नये, आणि प्रयोगानंतर बाटल्या शिक्षकांनी स्वतः रिकाम्या कराव्यात.

मुलांनी पाहिले ते असे : गूळ हा विष नव्हे. परंतु पाण्यातील सूक्ष्म जंतूंना तो उत्तम खाद्य आहे. खाद्य मिळाले की जंतू वेगाने वाढतात, आणि वाढताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. मासा आपल्यासारखाच प्राणवायूवर जगतो, मात्र तो पाण्यातील घेतो. पाण्यातील प्राणवायू जंतूंनी संपविला की मासा गुदमरतो. नदीत मळीचे पाणी आल्यावर मासा विष खाऊन मरतो असे नाही. तो श्वास कोंडून मरतो. याचा पडताळा नदीवर मिळतो. मासे मरण्यापूर्वी पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडी टाकून हापापल्यासारखे करतात. हे दृश्य बहुधा पहाटे दिसते. कारण दिवसा शेवाळ व पाणवनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात, रात्री तेही प्राणवायू घेतात, आणि सूर्योदयाच्या सुमारास साठा सर्वांत कमी उरतो. ज्यांचे वडील किंवा आजोबा मासेमारी करतात अशी मुले वर्गात असल्यास त्यांना येथे बोलते करावे. भोई समाजातील वृद्धांस या गोष्टींचे जे ज्ञान असते, ते आपल्या पुस्तकांत क्वचितच सापडते.

आता अंकगणित. साधारण तापमानाच्या स्वच्छ नदीत एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. पाणी तापले की तो आणखी कमी होतो. मोलॅसिसपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनीतून जे तांबडे-काळे सांडपाणी निघते, त्यास स्पेंट वॉश म्हणतात. एक लिटर मद्यार्कामागे ते साधारणतः ८ ते १५ लिटर निघते. हे एक लिटर सांडपाणी कुजण्यास ४०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक प्राणवायू लागतो. या मागणीस शास्त्रात बीओडी म्हणतात. नदीत सोडण्याच्या पाण्यात ती मागणी लिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असे प्रमाण आहे. मुलांना विचारावे : एक लिटर स्पेंट वॉश किती लिटर नदीच्या पाण्यातील सर्व प्राणवायू संपवील? ४०,००० भागिले ८, म्हणजे ५,००० लिटर. मग १०,००० लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा केला, तर? उत्तर ५ कोटी लिटर येते. हे उत्तर मुलांनी स्वतः काढले पाहिजे. शिक्षकांनी ते सांगून टाकल्यास त्याचा परिणाम निम्मा होतो.

नदीत प्रत्यक्षात वाऱ्याने, खळाळीने नवा प्राणवायूही मिसळत असतो, म्हणून हिशेब अगदी असाच उतरत नाही, हेही सांगावे. परंतु मासे बहुधा मार्च ते मेमध्ये आणि मृगाच्या पहिल्या पावसातच का मरतात, हे त्यावरून उलगडते. गळीत हंगामाच्या अखेरीस नदीची धार बारीक होते, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे पाणी उभे राहते, ऊन तापते आणि उभ्या पाण्यात प्राणवायूची भर पडत नाही. पहिल्या पावसात ओढ्यानाल्यांत महिनोन्महिने साचलेली घाण एकाच लोंढ्याने नदीत येते. ऐन पावसाळ्यात तेच पाणी आले तर प्रवाहामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

न्याय म्हणून हेही मुलांना सांगितले पाहिजे की, हे पाणी नदीत न सोडण्याचे उपाय आहेत. त्यापासून जळणाचा वायू काढता येतो, आटवून ते जाळता येते, प्रेसमडमध्ये मिसळून खत करता येते. आसवनींनी सांडपाणी आवाराबाहेर सोडूच नये, असा दंडक आज आहे. म्हणजे कारखाना आणि नदी यांपैकी एकच निवडावे लागते, ही समजूत खोटी आहे. उपायास खर्च येतो व हंगामाच्या घाईत तो टाळण्याचा मोह होतो. त्या सातवीतील मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

सांगलीतील मासे

२०२३ सालच्या मार्च महिन्यात सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेत असंख्य मासे मरून तरंगू लागले. काठावर मेलेल्या व अर्धमेल्या माशांचा खच पडला, आणि ते गोळा करून नेण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. संघटनांनी व नागरिकांनी आवाज उठविला, प्रदूषण नियंत्रण मंडळास जाब विचारला. कृष्णेच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील खंडपीठापुढेही गेले.

या हकिगतीत शिक्षकांनी दोन गोष्टींवर थांबावे. एक म्हणजे मासे गोळा करणारे लोक. त्यांना हसू नये. महागाईत फुकट मिळालेले अन्न कोणाला नको? परंतु मासा कशाने मेला हे ठाऊक नसताना तो खाऊ नये, एवढे प्रत्येक मुलाने घरी जाऊन सांगितले पाहिजे. मेलेल्या माशास हात लावणेही टाळावे. दुसरी गोष्ट सांगलीच्या शेरीनाल्याची. कृष्णेत घाण केवळ कारखानेच सोडतात असे नाही. शेरीनाल्यातून शहराचा मैला व सांडपाणी नदीत येते, ही तक्रार कित्येक दशकांची आहे. ते पाणी उपसून धुळगावकडे शेतीसाठी नेण्याची योजना झाली, तरी तक्रार संपली नाही. आणि ज्या गावांची गटारे ओढ्यास मिळतात, त्या गावांनी शहराकडे बोट दाखविताना आपले ओढेही पाहावेत. वर्गातील मुलांना शाळेजवळचे गटार कोठे जाते हे विचारून पाहावे. बहुतेकांस ते ठाऊक नसते.

रोग आणि टी.सी.एल.

प्रदूषणाने रोग होतात, असे वाक्य मुले पाठ करतात. कसे होतात हे त्यांना सांगता येत नाही, आणि खरे सांगावयाचे तर आपल्यापैकीही पुष्कळांना येत नाही. एक उदाहरण पुरे आहे. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेकाठच्या इचलकरंजी शहरात २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली व माणसे दगावली. इचलकरंजी हे कापडाचे गाव. तेथील रंगीत सांडपाण्याची चर्चा नेहमी होते. परंतु अशी कावीळ रंगाने होत नाही. ती मैल्यातून पाण्यात उतरणाऱ्या विषाणूने होते. गरोदर स्त्रियांस तिच्या एका प्रकाराचा विशेष धोका असतो. मग कारखान्याच्या पाण्याचा रोगराईशी काहीच संबंध नाही काय? संबंध आहे, आणि तो आपल्या ग्रामपंचायतीच्या टाकीत दिसतो.

गावचा जलसुरक्षक टाकीत टी.सी.एल. पावडर टाकतो. त्यातील क्लोरिन रोगजंतू मारते. परंतु पाण्यात कुजके सेंद्रिय द्रव्य असेल, तर क्लोरिन प्रथम त्याच्यावरच खर्च होते व जंतूंसाठी उरत नाही. नदीचे पाणी जितके नासलेले, तितकी नेहमीची पावडर अपुरी पडते. एका बाजूने कारखान्याचे पाणी क्लोरिन खाऊन टाकते, दुसऱ्या बाजूने गटारातून विषाणू येतो, आणि नळास आलेले पाणी दिसावयास स्वच्छ असते. नळाच्या पाण्यात क्लोरिन उरले आहे की नाही हे ओ.टी. टेस्टने कळते, थेंब टाकताच पाणी पिवळे झाले तर क्लोरिन आहे. जलसुरक्षकास किंवा आरोग्यसेवकास शाळेत बोलावून ही चाचणी मुलांसमोर करून घ्यावी. मुलांनी रसायनास हात लावू नये, मात्र रंग पाहावा व लिहून ठेवावा. टाकीजवळचा नळ आणि गावाच्या टोकाचा नळ अशा दोन ठिकाणची चाचणी घेतल्यास पाठ अधिक रंगतो.

येथे आणखी एक संयम शिकविला पाहिजे. गावातील प्रत्येक खोकला, प्रत्येक खाज कारखान्यामुळे आहे असे म्हणण्याची सवय मुलांस लावू नये. जे दिसले नाही ते न म्हणणे, आणि जे दिसले ते मात्र कोणी डोळे वटारले तरी म्हणणे, ही दोन्ही अंगे एकाच सवयीची आहेत.

नोंदवही कशी ठेवावी

प्रदूषणाविरुद्ध उठलेली गावे पुष्कळदा हरतात ती एका साध्या कारणाने. साहेब पाहणीस येतात तोवर पाणी वाहून गेलेले असते. "कधी आले होते पाणी?" असे विचारले की कोणी म्हणतो मंगळवारी, कोणी म्हणतो अमावस्येच्या आसपास. कोणाजवळही लिहिलेले काही नसते. कारखान्याजवळ मात्र छापील अहवाल असतात. मोर्चे, उपोषणे, रास्ता रोको यांनी लक्ष वेधले जाते हे खरे. परंतु लक्ष वेधल्यावर पुढे ठेवावयास काही हवे.

ते 'काही' शाळा तयार करू शकते. शंभर पानी वही पुरेशी आहे. आठवड्यातून एक ठरलेला वार, ठरलेली वेळ व ठरलेली जागा असावी; पूल किंवा घाटाची वरची पायरी उत्तम. मुलांनी पाण्यात उतरावयाचे नाही, आणि पुराच्या दिवसांत नदीवर जावयाचेच नाही. त्या दिवसांच्या रकान्यात 'पूर' एवढेच लिहावे. नोंदीत तारीख, वेळ, पाऊस, पाणी वाहते की उभे, रंग, वास, फेस, मासे व पक्षी, आणि निरीक्षक मुलांची संख्या एवढे यावे. रंग लिहिताना 'घाण' असा शब्द वापरू देऊ नये. 'चहासारखा', 'ताकासारखा', 'शेवाळी' असे लिहावयास लावावे. गढूळपणा पाहण्यासाठी शिक्षकांनी दोरीने बाटलीत पाणी काढून तिच्यामागे पुस्तकाचे छापील पान धरावे व अक्षरे वाचता येतात की नाही ते लिहावे. बगळे व पाणकावळे नेहमीच्या जागी दिसेनासे झाले, तर तेही लिहावे.

ज्या दिवशी काही विशेष दिसणार नाही, त्या दिवशीची नोंद सर्वांत महत्त्वाची असते. मुले कंटाळतात आणि 'नेहमीप्रमाणे' असे लिहून मोकळी होतात. तसे करू देऊ नये. चांगल्या दिवसांची चाळीस पाने असल्याखेरीज वाईट दिवसाच्या एका पानास वजन येत नाही.

कायदा किती सांगावा

सातवीच्या नागरिकशास्त्रास पुरेल इतकाच सांगावा. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ सालीच स्वतःचा कायदा केला व १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले; सर्व देशाचा जलप्रदूषण कायदा त्यानंतर १९७४ साली आला. मंडळाची कार्यालये सातारा व सांगली येथे आहेत. १९७६ च्या घटनादुरुस्तीने नद्या, वने व वन्य जीव यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले, आणि त्याच वर्षी शाळांतून पर्यावरणाचे शिक्षण देण्याविषयीही आदेश दिला. म्हणजे हा पाठ आपण उपकार म्हणून घेत नाही.

न्यायालयात चालणारा नमुना घेण्याची रीत मात्र कायद्याने ठरलेली आहे. मंडळाचा अधिकारी तो घेतो, सीलबंद करतो, सह्या होतात. शाळेने भरलेली बाटली त्या जागी चालत नाही, ही गोष्ट गावकऱ्यांना आधीच सांगावी, नाहीतर पुढे निराशा होते. शाळेच्या वहीचा उपयोग वेगळा आहे. अधिकाऱ्याने कोठे, कोणत्या वारी व कोणत्या प्रहरी यावे हे ती सांगते. वही ग्रामसभेपुढे ठेवावी; वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयाच्याच असतात. ठराव झाला की तो पंचायतीने मंडळाकडे धाडावा व पोच घ्यावी.

शिक्षकाची अडचण

पुष्कळ शिक्षक येथवर वाचून मनात म्हणतील, हे लिहिणे सोपे आहे. शाळेच्या खोलीवर कारखान्याच्या देणगीची पाटी आहे, शाळा व्यवस्थापन समितीत संचालकाचे बंधू आहेत, बदली कोठे होईल याचा नेम नाही. ही अडचण खरी आहे, आणि तिला भित्रेपणा म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्या वर्गात मी स्वतः गप्प बसलो होतो.

माझे मत असे. आपण जिल्हा परिषदेचे सेवक आहोत व वर्तणूक नियम आपल्याला लागू आहेत. शिक्षकाने मोर्च्याच्या अग्रभागी चालू नये, मुलांना तर मुळीच नेऊ नये. घोषणा पाठ करून घेणे हे शिक्षण नव्हे. वहीत कोणत्याही कारखान्याचे, माणसाचे किंवा पक्षाचे नाव लिहू देऊ नये. पाणी चहासारखे झाले, एवढेच लिहावे. ते कोणी केले हे शोधणे मंडळाचे काम आहे. वही सुरू करण्यापूर्वी मुख्याध्यापकांची संमती घ्यावी, केंद्रप्रमुखांना कळवावे आणि सरपंचांना वही दाखवावी. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यास किंवा रसायनतज्ज्ञास एकदा वर्गात बोलवावे. तो आला, तर मुलांनी त्याला आपले ५ कोटी लिटरचे गणित दाखवावे व सांडपाण्याचे काय करता असे सरळ विचारावे. कित्येकदा असा माणूसही मनातून नदीच्या बाजूचा असतो, आणि त्यास बोलावयास एवढेच निमित्त हवे असते. आला नाही, तर बोलावल्याची तारीख वहीत लिहावी.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उरलेले उत्तरही वर्गात असेच द्यावे. होय, कारखाना तुझ्या वडिलांचा आहे. म्हणूनच वार्षिक सभेत उभे राहून पाण्याचे काय झाले हे विचारण्याचा सभासदाचा हक्कही तुझ्या घरात आहे. शिंदे-वासुलीच्या लोकांस तो नव्हता. घरी सभेची छापील नोटीस येते ती मुलांनी वर्गात आणावी व विषयपत्रिका मोठ्याने वाचावी. तीत सांडपाण्याचा विषय आहे की नाही, हे त्यांनी स्वतः शोधावे.

वहीची पहिली नोंद जूनमध्ये शाळा उघडताच, पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी व्हावी. वर्ष संपताना वही खालच्या वर्गाच्या हाती द्यावी. बदली झाल्यास शिक्षकांनी ती कार्यभार-यादीत लिहून जावे, म्हणजे ती कपाटातच राहील.